मानसशास्त्राचे उन्हाळी सत्र

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागले, की काटेवाडीच्या अलीकडे पिंपळी लागते. तालुक्याच्या गावी शिकायला जाणाऱ्या इथल्या मुलामुलींना ‘उन्हाळी सत्र’ म्हटले, की एप्रिल-मे महिन्यांतील परीक्षाच आठवते. ती संपली की सुटी. आणि सुटी म्हणजे शेतातील कामे, लग्नसराई, फार तर संगणकाचा एखादा वर्ग. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या पदवी आराखड्यात मात्र या शब्दाला निराळा अर्थ आहे. त्यानुसार उन्हाळी सत्र म्हणजे सुटीतील आठ आठवड्यांचा अभ्यासकाळ. मागे राहिलेले विषय पूर्ण करणे, जादा विषय घेणे किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेणे, असा त्याचा उपयोग अपेक्षित आहे.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. आयोगाच्या आराखड्याप्रमाणे पहिल्या वर्षानंतर शिक्षण थांबवणाऱ्याला ४० श्रेयांकांबरोबर उन्हाळ्यात ४ श्रेयांकांचे काम केले, तरच प्रमाणपत्र मिळते. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर हे काम १२० तासांचे होते. आठ आठवड्यांत आठवड्याला १५ तास. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ते एखाद्या पेढीवर करता येईल. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने कोठे जावे, हा खरा प्रश्न आहे.

बारामतीत १९६२ मध्ये स्थापन झालेल्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयात कला शाखेत मानसशास्त्र शिकवले जाते. हा विषय ‘मन ओळखण्याचा’ नव्हे, हे विद्यार्थ्याला पहिल्या काही तासांतच कळते. संवेदन, अवधान, अवबोध, स्मृती, अध्ययन, प्रेरणा हे त्याचे विषय, आणि प्रत्येकाच्या पाठीशी मोजमाप आणि संख्याशास्त्र. कला शाखेत गणितापासून सुटका होईल म्हणून आलेल्यांची येथे पंचाईत होते. प्रात्यक्षिकात एक प्रयोगकर्ता आणि एक ‘प्रयुक्त’, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा ती व्यक्ती, लागते. वर्गात मित्रच एकमेकांचे प्रयुक्त होतात, आणि त्यांना प्रयोगाचा हेतू आधीच ठाऊक असतो. सुटीत गावात मात्र सर्व वयांचे, सर्व व्यवसायांचे लोक उपलब्ध असतात. उन्हाळ्याचा हा लाभ शहरी विद्यार्थ्यालाही सहज मिळत नाही.

यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस याने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेले स्मृतीवरील प्रयोग निरर्थक शब्दावयवांच्या याद्यांवर, स्वतःलाच प्रयुक्त करून केलेले होते. देवनागरीत अशी यादी करणे वाटते तितके सोपे नाही. प्रत्येक व्यंजनात ‘अ’ मिसळलेला असल्याने कोणतीही तीन अक्षरे सहज उच्चारता येतात, आणि ‘क’, ‘ल’, ‘म’ शेजारी आले की लगेच ‘कलम’ होते. इंग्रजी पुस्तकातील यादी जशीच्या तशी उतरवली, तर मराठी माध्यमाच्या प्रयुक्ताची स्मृती मोजली जात नाही, त्याचे इंग्रजी मोजले जाते. यादी करण्यात दोन दिवस गेले तरी ते वाया जात नाहीत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्ट्रूप याच्या १९३५ मधील प्रयोगाचे तर ग्रामीण भागात वेगळेच रूप दिसू शकते. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहून शाईचा रंग विचारला, की वाचता येणारा माणूस अडखळतो, कारण वाचन आपोआप घडते. अक्षरओळख नसलेल्या आजीला तोच कागद दाखवला, तर ती शब्दात न अडकता रंग सांगून मोकळी होईल. साक्षरता अवधानावर काय परिणाम करते, हे व्याख्यानापेक्षा या एका कागदाने लवकर कळते. म्युलर-लायर याने १८८९ मध्ये मांडलेला बाणांच्या रेषांचा दृष्टिभ्रमही पुठ्ठा आणि मोजपट्टी यांवर भागतो.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. एका प्रयुक्ताचा प्रयोग सकाळी सातला आणि दुसऱ्याचा टळटळीत दुपारी पत्र्याच्या खोलीत घेतला, तर निष्कर्षात ऊन मिसळते. पुस्तकात यालाच बाह्य चल म्हणतात. वेळ, जागा आणि सूचनांचे शब्द सर्वांना सारखेच हवेत. प्रयुक्ताची संमती घ्यावी, जर्नलमध्ये त्याचे नाव न घालता क्रमांक घालावा. गावात सगळेच एकमेकांना ओळखतात. कोणाची स्मरणशक्ती किती भरली, ही पारावरच्या चर्चेची बाब होता कामा नये.

समुपदेशनाचा मोह मात्र कटाक्षाने टाळायला हवा. ‘मानसशास्त्र शिकतोस, मग आमच्या पोराला समजाव’ ही विनंती उन्हाळ्यात, विशेषतः निकालांच्या दिवसांत, हमखास येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ ठरण्यासाठी पदव्युत्तर स्तरावरील मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते आणि या क्षेत्राचे नियमन भारतीय पुनर्वास परिषद करते. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने ऐकून घ्यावे आणि योग्य ठिकाणी पाठवावे, एवढेच त्याच्या हाती आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक घरबसल्या लावता येतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेला बरा.

ज्यांना रोज बारामती गाठणे शक्य नाही, त्यांच्यासाठी २०२५ मध्ये परिस्थिती बदलली. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून आरोग्याशी निगडित अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देण्यास अनुदान आयोगाने मनाई केली, आणि त्यांत मानसशास्त्रही आहे. टपालाने प्रात्यक्षिक शिकवता येत नाही, हे खरेच. पण लग्नानंतर घरी राहून पदवी पूर्ण करू पाहणाऱ्या खेड्यातील स्त्रीचा मार्ग त्यामुळे बंद झाला, हेही तितकेच खरे. आठ आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात प्रात्यक्षिके एकत्रित घेऊन अशा विद्यार्थिनींची सोय करता येईल का, याचा विचार महाविद्यालयांनी करायला हवा. आराखड्यात जलद गतीने नियमित विषय शिकवण्याची मुभा आहे. वर्गखोल्या मे महिन्यात रिकाम्याच असतात.