कोलंबिया घळईतले धबधबे: छायाचित्रे, रस्ता आणि मार्गदर्शिका

अमेरिकेत ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या सीमेवर कोलंबिया नदीने कॅस्केड पर्वतरांग कापून खोल घळई तयार केली आहे. तिचे कडे बेसाल्टचे, थरावर थर चढलेले. सह्याद्रीच्या कड्यांचे भाऊबंद, पण वयाने कितीतरी धाकटे. हिमयुगाच्या अखेरीस मिसूला सरोवराचे बर्फाचे बांध पुन्हा पुन्हा फुटले आणि त्या महापुरांनी घळईच्या बाजू उभ्या तासल्या. ओढ्यांची तोंडे उंचावरच राहिली, म्हणून दक्षिण काठावर धबधब्यांची रांग लागली. त्यांतला मल्टनोमा 620 फुटांचा.

1867 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स येथे आले. त्यांच्या मोठ्या कॅमेऱ्याची काच सुमारे 18 बाय 22 इंचांची. तिच्यावर कलोडियन या चिकट द्रावणाचा लेप द्यायचा, तो ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवायचे. एवढे सामान घेऊन आडरानात शिरणे सोपे नव्हते. काचेवरचा लेप प्रकाशाला हळू प्रतिसाद देत असल्याने पडते पाणी धूसर पांढऱ्या पट्ट्यासारखे उमटे. तेव्हाची ही अडचण आज शैली झाली आहे: ट्रायपॉड आणि काळसर फिल्टर लावून छायाचित्रकार तोच परिणाम मुद्दाम साधतात.

1880च्या दशकात काठाने रेल्वे आली; पण धबधबे सर्वसामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आणले ते मोटाररस्त्याने. चांगल्या रस्त्यांचे पुरस्कर्ते सॅम्युअल हिल यांच्या आग्रहातून 1913 मध्ये काम सुरू झाले. अभियंते सॅम्युअल लँकेस्टर यांनी चढ सौम्य ठेवून रस्ता लाटोरेल, वाहकीना, मल्टनोमा, हॉर्सटेल अशा धबधब्यांजवळून वळवत नेला. अंतर वाचवण्यापेक्षा देखावा साधणे त्यांना महत्त्वाचे वाटले, आणि त्यांचे म्हणणे मान्यही झाले, हे विशेष. 1915 मध्ये त्यांनी या रस्त्यावर रंगीत चित्रांचे पुस्तकही काढले. मल्टनोमाच्या दोन टप्प्यांमधला पूल 1914 चा, पायथ्याचे दगडी विश्रामगृह 1925 चे. अजूनही बहुतेक छायाचित्रांत धबधब्याबरोबर तो पूल असतोच.

रस्त्यावरून न दिसणाऱ्या धबधब्यांसाठी मात्र चालावे लागे आणि वाटा माहीत असाव्या लागत. 1980च्या दशकात भूगोलतज्ज्ञ ग्रेगरी प्लंब यांनी वायव्य अमेरिकेतल्या धबधब्यांची मार्गदर्शिका लिहिली. पोहोचण्याची वाट, पडण्याचा प्रकार आणि सौंदर्याचे तारे अशी तिची मांडणी आहे. ताऱ्यांबद्दल वाद घालता येईल. पण पूर्वी ठरावीक पाच-सहा नावांवर थांबणाऱ्या हौशी माणसाला तिने आतल्या ओढ्यांची दिशा दाखवली.

1986 मध्ये घळईला राष्ट्रीय निसर्गरम्य क्षेत्राचा दर्जा मिळाला. सप्टेंबर 2017 मध्ये फटाक्यामुळे ईगल क्रीक भागात वणवा पेटला आणि अनेक पायवाटा दीर्घकाळ बंद राहिल्या. पुढच्या काही वर्षांत गर्दीच्या महिन्यांत मल्टनोमा पाहण्यासाठी आधी वेळ आरक्षित करण्याची पद्धत सुरू झाली.