गज आणि पट्टी

वर्धा जिल्ह्यांतील आर्वी, हिंगणघाट किंवा पुलगांव यांसारख्या ठिकाणीं राहणाऱ्या एखाद्या होतकरू संगीतरचनाकारास आपल्या गीतामागें साठ तंतुवाद्यांचा मेळ उभा करावयाचा असेल, तर आज त्याला साठ वादक जमवावे लागत नाहींत, कीं मुंबईची वाटहि धरावी लागत नाहीं. मेजावर एक संगणक, त्यास जोडलेली पेटीसारख्या पट्ट्यांची एक फळी, आणि संगणकांत सांठविलेला एक स्वरकोश, एवढ्या सामग्रीवर त्याचें काम भागतें. ज्यास सँपल लायब्ररी म्हणतात त्यासच येथें स्वरकोश म्हटलें आहे. शब्दकोशांत जसे सुटे शब्द, तसे या कोशांत कसलेल्या वादकांनीं वाजविलेले सुटे स्वर मुद्रित करून ठेवलेले असतात. पट्टी दाबली कीं तो स्वर उमटतो. असे कोश आज पुष्कळ मिळतात. एक फुकट, तर दुसरा हजारों रुपयांचा. एक कोरडा, तर दुसरा घुमणारा. त्यांतला कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहतां बाजारहाटाचा वाटतो. वस्तुतः तो एका जुन्या वादाचा नवा अवतार आहे, आणि तो वाद ध्यानांत आल्यावांचून निवड नीट होत नाहीं.

तो वाद गज आणि पट्टी यांचा होय. सारंगीवर किंवा व्हायोलिनवर पडदे नसतात. गज तारेवर फिरत असतां डाव्या हाताचें बोट अथवा नख तारेवरून सरकतें, आणि एका स्वरांतून दुसरा स्वर निघतो. या दोहोंमधल्या वाटेस आपण मींड म्हणतों. पेटीची गोष्ट निराळी. तिची प्रत्येक पट्टी एकच नेमलेला स्वर देते. दोन पट्ट्यांच्या मध्यें कांहींच नाहीं. परंतु पेटी शिकावयास सोपी, नेण्यास हलकी आणि सुरांत मिळवून ठेवण्याच्या कटकटींतून मुक्त. म्हणून युरोपांतून आलेलें हें वाद्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्याकडे आलें आणि बैठकीपासून गांवोगांवच्या भजनापर्यंत सर्वत्र शिरलें. सारंगिया हळूहळू मागें सरला. मराठी रंगभूमीनें कांहीं काळ दोन्ही पक्ष सांभाळले. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत ऑर्गनच्या जोडीस कादरबक्षांची सारंगी असे. एकाचा भरणा, दुसऱ्याची मींड. सरकारी रेडिओनें मात्र एकच पक्ष घेतला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीस बंदी झाली. १९४८ सालीं नागपूर केंद्र सुरू झालें तेव्हांहि ती चालूच होती, आणि १९७१ मध्यें ती सैल झाली. पट्टीच्या स्वरांत आपल्या श्रुति बसत नाहींत व मींड निघत नाहीं, हेंच त्या बंदीमागचें मुख्य कारण होतें.

इकडे हा वाद चालू असतां मुंबईंत गजाच्या वाद्यांचा एक मोठा संसार उभा राहत होता. गोव्यांत १५१० नंतर पोर्तुगीज अंमल आला, आणि कालांतरानें चर्चच्या आश्रयानें चालणाऱ्या शाळांतून मुलांस पाश्चात्य स्वरलिपि वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकविण्याची प्रथा पडली. पुढें पोटासाठीं मुंबईस आलेल्या गोमंतकीयांच्या कामीं ही विद्या आली. १९३१ सालीं ‘आलम आरा’ निघाला व चित्रपट बोलूं लागला. गाणें तर त्याचा प्राणच झालें. संगीतदिग्दर्शक पेटीवर चाल बांधी. पण तीस वादकांनीं एका दमानें काय वाजवावयाचें, हें कागदावर लिहून देणारा आणि तो कागद पाहतांक्षणीं वाजविणारा मनुष्य पाहिजे असे. ही दोन्ही कामें मुख्यत्वेंकरून गोमंतकीयांनीं केलीं. शंकर-जयकिशन यांच्या गीतांतील तंतुवाद्यांचे जे भरघोस ओघ आजहि कानांत राहतात, त्यांची मांडणी सेबास्टियन डिसोझा यांची. सासष्टींतील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे दुसरे नांव. राहुलदेव बर्मन व लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीपैकीं प्यारेलाल हे त्यांच्या शिष्यांपैकीं होत. गोन्साल्विस यांनीं १९५८ सालीं मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारांत भारतीय रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यमेळाकडून वाजवून घेतल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यांत गायले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील एका गाण्यानें हें नांव घरोघर पोंचविलें. पण तें एका व्हायोलिनवादक गुरूचें नांव आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक झालें.

त्या काळचें ध्वनिमुद्रण कसें होई, तें पाहण्यासारखें आहे. ताडदेवचें फिल्म सेंटर किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ अशा ठिकाणीं गायक आणि सर्व वादक एका वेळीं जमत. तालीम होई, मग सर्वांनीं मिळून सबंध गाणें एकदम वाजवावयाचें. शेवटच्या ओळीला एकाचा गज चुकला कीं पुन्हा पहिल्यापासून आरंभ. या पद्धतींत वेळ जाई, पैसा जाई. परंतु वीस जणांचे गज गायकाच्या श्वासाबरोबर वर-खालीं होत, हा लाभ दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें मिळणारा नव्हता. पुढें निरनिराळें वाजवून मागाहून जुळविण्याची पद्धत आली. १९८० नंतर सिंथेसायझर आले. आणि १९९० च्या दशकांत हे मोठे मेळ एकत्र बसणें जवळजवळ थांबलें. पट्टीनें गजास दुसऱ्यांदा उठविलें.

परंतु ही दुसरी पट्टी पहिलीहून चतुर होती. ती स्वतःचा स्वर काढीत नव्हती. गजाचाच स्वर चोरून ठेवीत होती. अमेरिकेंतील हॅरी चेंबर्लिन यांच्या यंत्राच्या धर्तीवर १९६३ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें मेलोट्रॉन नांवाचें वाद्य निघालें. त्याच्या प्रत्येक पट्टीखालीं चुंबकीय फितीचा एक तुकडा असे व त्यावर खऱ्या व्हायोलिनांचा स्वर मुद्रित असे. पट्टी दाबली कीं फीत सरके. सुमारें आठ सेकंदांनीं ती संपे आणि स्वर तुटे. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांत फेअरलाइट हें संगणकी यंत्र झालें. त्यांत फीत गेली, आंकडे आले. वादकांची धास्तीहि वाढली. १९८२ सालीं ब्रिटनमधील वादकसंघाच्या लंडन येथील शाखेनें सिंथेसायझरवर बंदी घालावी असा ठरावच केला. ठराव कागदावर राहिला. यंत्रें पुढें गेलीं.

आतां कोशांची तुलना. १९९० च्या दशकांत मिरोस्लाव्ह विटूश या चेक वादकानें प्राग येथील द्वोर्झाक सभागृहांत चेक फिलहार्मोनिक वाद्यमेळाचे स्वर मुद्रित करून कोश काढला. सभागृहाचा घुमारा त्यांत स्वराबरोबरच आला आणि ऐकणारे थक्क झाले. तथापि संगणकाची स्मरणशक्ति तेव्हां तोकडी असल्यामुळें स्वर थोडे व लहान ठेवावे लागत. १९९८ च्या गिगासँप्लर या योजनेनें तबकडीवरून थेट स्वर वाचण्याची सोय केली, आणि कोशांस विस्तार करावयास मोकळीक मिळाली. त्यानंतर व्हिएन्नाचे हर्ब टुक्मांडल यांनीं २००० सालीं व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररी ही संस्था काढली. हे स्वतः चेलोवादक. सुटे स्वर कितीहि सुंदर असले तरी ते शेजारीं ठेवल्यानें गाणें होत नाहीं, हें त्यांच्या बोटांस ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं स्वरांबरोबर स्वरांमधलें अंतरहि मुद्रित केलें. ‘सा’ वरून ‘ग’ वर जातांना तारेवर जें क्षणभर घडतें, तेंहि निराळें नोंदविलें. गज आणि पट्टी यांच्या शंभर वर्षांच्या वादांत पट्टीनें आपली उणीव प्रथमच ओळखली ती येथें.

पुढचे कोश निरनिराळ्या दिशांनीं गेले. व्हिएन्नाचे स्वर खास बांधलेल्या शांत दालनांत मुद्रित असल्यामुळें कोरडे व स्वच्छ. घुमारा मागाहून घालावा लागतो. लंडनच्या स्पिटफायर या २००७ सालच्या संस्थेनें नेमकें उलट केलें. जुन्या चर्चच्या इमारतींत असलेल्या लिंडहर्स्ट हॉलमध्यें वादक बसवून, जवळ, मध्यें व दूर असे ध्वनिग्राहक ठेवून, खोलीसकट स्वर घेतले. पहिल्यांत कष्ट अधिक पण मोकळीक अधिक; दुसऱ्यांत आयतें सौंदर्य, पण ती खोली पुन्हा काढतां येत नाहीं. २००९ च्या एलए स्कोअरिंग स्ट्रिंग्ज या कोशानें आणखी एक दोष हेरला. सोळा व्हायोलिनांचा एकत्र मुद्रित स्वर घेऊन तीन पट्ट्या दाबल्या, तर सोळांचीं अठ्ठेचाळीस होतात. म्हणून त्यांनीं लहान लहान गट निरनिराळे मुद्रित केले. २०१९ सालीं स्पिटफायरनें बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा कोश काढला, आणि त्याची लहान आवृत्ति विनामूल्यहि मिळूं लागली. नवशिक्यानें आरंभ तेथूनच करावा.

कोश पारखण्याच्या कसोट्या तीन. एकच आंखूड स्वर आठ वेळां वाजवावा. प्रत्येक वेळीं तोच मुद्रित तुकडा उमटला तर टंकयंत्राची टकटक ऐकूं येते, तीन-चार निराळे तुकडे आलटून पालटून आले तर हात जिवंत वाटतो. दुसरें, मंद स्वर व जोराचा स्वर ऐकावा. केवळ आवाज वाढतो कीं गजाचा दाबहि बदलतो, तें पाहावें. तिसरी कसोटी सर्वांत कठीण. दोन स्वर विलंबित लयींत जोडून वाजवावे व त्यांमधली वाट ऐकावी.

या तिसऱ्या कसोटीवर आपल्या संगीतापुरते वर सांगितलेले सारे कोश थोडेफार उणेच ठरतात. त्यांत मुद्रित झालेली वाट प्रागची, व्हिएन्नाची किंवा लंडनची आहे. यमनांतील तीव्र मध्यमावरून पंचमावर जाण्याची ती नव्हे. मुंबईच्या दालनांत गोमंतकीय हातांनीं जी वाट तयार केली, पाश्चात्य गजानें आपल्या चालीस दिलेलें जें वळण, तें स्वरास्वरानें सांठविण्याचें यंत्र त्यांच्या भरभराटीच्या काळीं नव्हतें. आणि यंत्र आलें तेव्हां तो मेळ पांगत होता. २००६ सालीं मुंबईंत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन झाला, तेव्हां त्याचे पुष्कळ वादक कझाकस्तानांतून आणावे लागले. ज्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या गज चालले, त्या शहराची ही गत.

यावरून यंत्र टाकून द्यावें असा अर्थ कोणी काढूं नये. पेटीवर बंदी घालून सारंगी वांचली नाहीं, आणि ठरावानें सिंथेसायझर थांबले नाहींत. आर्वीच्या तरुणानें कोश अवश्य घ्यावा. साठ वादकांची सावली तरी त्यामुळें त्याच्या दारीं येते. परंतु सावलीपुढें एक देह बसवावा. मागें कोशांतील मेळ ठेवून पुढें एक खरा व्हायोलिनवादक किंवा सारंगिया बसविला, तर त्या एका गजामुळें बाकीचे साठ जिवंत होतात, असा मुद्रणशाळांतील अनुभव आहे. वादकास एका दिवसाची बिदागी मिळते, गीतास मींड मिळते, आणि शेजारीं बसलेल्या एखाद्या मुलास ती वाट कशी चालावयाची तें डोळ्यांनीं पाहावयास मिळतें. पट्टीनें स्वर सांठविले. वाट मात्र अद्याप हातांतच आहे, आणि हात शिकविल्यावांचून तयार होत नाहींत.