धाव, टायर आणि शिवरस्ता

टायर हा शब्द आमच्याकडं मोटारीबरोबर आला, पण वस्तू त्याहून जुनी. लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवतात, तिला आपण धाव म्हणतो. इंग्रजीतही टायर हा शब्द आधी त्या लोखंडी पट्टीसाठीच होता. रबर फार उशिरा आलं. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात उन्हाळा लागला की लोहाराच्या दारात चाकांची रांग लागायची. धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईस्तोवर तापवायची. तापून ती फुगली की दोघा-तिघांनी पकडीनं उचलून चाकावर ठोकायची आणि लगेच वरून पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज व्हायचा, वाफ निघायची, धाव आवळायची आणि सगळे आरे तुंब्यात घट्ट बसायचे. एवढं करूनही चैत्र-वैशाखात लाकूड वाळून आकसायचं, मग गाडीवान चाकं नदीच्या डोहात भिजत घालून ठेवायचे.

ही धाव अरुंद असायची आणि चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच. त्यामागं हिशेब होता. आमच्या शिवारात दोन जमिनी. डोंगराकडं मुरमाड, नदीकडं काळी रेगडी. मुरमाडीत कसलंही चाक चालतं. रेगडी मात्र उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगांत पाय जातो. आणि पावसात फुगून लोण्यासारखी होते. तिथं अरुंद धाव चिखल कापत खालच्या टणक थरापर्यंत जायची, आणि चाक उंच असल्यानं आस चिखलाच्या वर राहायचा. बैलांची मान मोडायची ते वेगळं. तरी गाडी निघायची.

औरंगाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद रेल्वे औरंगाबाद, जालन्यावरून गेली. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्यानं मोटारबसही सुरू केल्या. कन्नडच्या वाट्याला रेल्वे आली नाही. आमच्या घरचा कापूस औट्रम घाट उतरून चाळीसगावला जायचा, तोही या धावेच्याच चाकांवर.

रबर आलं ते आधी बैलगाडीला. डनलॉप कंपनीनं १९३६ च्या सुमारास बंगालात साहागंजला कारखाना काढला, आणि या टायरांच्या गाडीला देशभर डनलॉपचंच नाव पडलं. आमच्याकडं तिला टायरगाडी म्हणतात. साखर कारखाने निघाले तशा त्या वाढल्या, कारण डांबरी रस्त्यावर तीच बैलजोडी जवळपास दुप्पट ऊस ओढायची. लोखंडी धावेनं डांबर कापलं जायचं, म्हणून रस्त्याच्या साहेबांनाही टायरगाडीच बरी वाटायची. तरी आमच्या आजोबांनी जुनी गाडी मोडली नाही. आषाढात शेणखत रेगडीत न्यायचं असलं की जुनी, आणि कारखान्याला जायचं असलं की टायरची. घरात दोन गाड्या ठेवणं परवडत होतं तोवर हा प्रश्न सोपा होता: जसा रस्ता, तशी गाडी.

१९७२ च्या दुष्काळानं रस्ते दिले, हे विचित्र वाटेल पण खरं आहे. त्या साली मराठवाड्यात गावोगाव कामं निघाली. बायामाणसांनी खडी फोडली, मुरूम टाकला. आमच्या गावाला तालुक्याशी जोडणारा रस्ता त्याच खडीवर उभा आहे. पुढं रोजगार हमीचा कायदा झाला, आणि २००० सालानंतर पंतप्रधान ग्रामसडक योजनेतून डांबर वाडीवस्तीपर्यंत आलं. पण डांबर येतं ते गावापर्यंत. गावापासून शेतापर्यंतचा शिवरस्ता, पाणंद, तशीच राहिली. आमच्या मळ्याची पाणंद पावणेदोन किलोमीटर आहे, त्यातली पहिली अर्धी मुरमाड आणि पुढची रेगडी. या लेखातला सगळा घोळ त्या पुढच्या अर्ध्या भागाचा आहे.

बैल विकले गेले. १९८६ साली टाटाची ४०७ आली आणि बाजाराचा माल तिच्यावर गेला. २००० नंतर महिंद्राची बोलेरो पिकअप आली आणि घरोघरच्या पोरांना तिनं वेड लावलं. आता मंगळसूत्र मोडून, सोसायटीचं कर्ज काढून पिकअप घेतात. दिवसा स्वतःचा माल, रात्री भाडं. माझ्या पुतण्यानंही घेतली. त्याची अद्रक. आमच्याकडं अद्रक भाव पाहून काढतात. भाव नसला तर जमिनीतच ठेवतात, कधी दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत. म्हणजे भाव नेमका पावसात आला तर पावसातच काढायची, धुवायची आणि पहाटेपर्यंत जाधववाडीच्या मार्केटात पोचवायची. कन्नडहून साठेक किलोमीटर, वेरूळ, दौलताबादवरून, सगळा डांबरी. त्या साठ किलोमीटरांचं काही नाही. माल अडतो तो पाणंदीतल्या एका किलोमीटरात.

गेल्या श्रावणात गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. पुतण्या म्हणाला, "काका, आवंदा बटन टायरच टाकतो. चिखलात कुठं आडकायचं नाय." दुकानदार म्हणत होता, रोडचेच टाक, डिझेल वाचंल. पोरगं तिसराच शब्द शिकून आलं होतं, ऑल टेरेन.

हा प्रकारही ऐतिहासिक म्हणावा असा आहे. आधी जगात दोनच टोकं होती. एक गुळगुळीत नक्षीचा रस्त्याचा टायर, आणि दुसरा जुन्या लष्करी जीपला असायचा तसा मोठ्या गोट्यांचा. मिशेलिननं १९४६ साली रेडियल टायर काढला, त्यानं टायर थंड आणि टिकाऊ झाले. त्या रेडियलवर रस्ता आणि माती दोन्हींना चालेल अशी नक्षी अमेरिकेत बीएफ गुडरिचनं १९७६ साली आणली. त्याच साली आमच्या जिल्ह्यात जायकवाडीचं उद्घाटन झालं. दोन्हींचा संबंध काही नाही, पण मला अशा जोड्या लावायची खोड आहे.

आता खरं काय ते सांगतो. ऑल टेरेन म्हणजे तडजोड. बटन टायरच्या गोट्या लांब लांब असतात, म्हणून फिरताना चिखल झटकला जातो. पण डांबरावर त्या घरघर करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. रस्त्याच्या टायरची खोबण अरुंद असते. रेगडी तिच्यात भरली की टायरच मातीचा होऊन जातो, मग तो नवा असो की जुना. ऑल टेरेन मधला: मुरूम, खडी, ओला गवताळ बांध यांना उत्तम. भिजलेल्या रेगडीत तोही काही अंतरापुरताच. घोटाभर चिखलात निघतो, पोटरीएवढ्या चिखलात बसतो. विकणारा हे सांगत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. पिकअप मागच्या चाकांवर चालते. शेतात जाताना ती रिकामी असते, मागं वजन नसतं, म्हणून चाक जागेवर गरगरतं. येताना भरलेली असते, तेव्हा पकड मिळते पण चाक खाली रुततं. रोग दोन आणि टायर एकच. म्हणून नक्षी पाहण्याआधी टायरच्या कडेवरचे आकडे पाहावेत. २१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ७५ टक्के, रेडियल, आणि १५ इंची डिस्क. त्यापुढं भाराचा आकडा असतो: १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०८ म्हणजे १००० किलो, ११२ म्हणजे ११२० किलो. कारसारख्या गाडीचा ऑल टेरेन दिसायला रुबाबदार असतो, पण त्याचा हा आकडा पिकअपला पुरत नाही. आपल्या काळ्या दगडाच्या खडीनं कड फाटते ती याच चुकीनं. शेवटचे चार आकडे बनावटीचे: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात तीन वर्षं उन्हात पडलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

मी त्याला विचारलं, "महिन्यातून चिखलात किती वेळा जातोस?" त्यानं बोटं मोजली. पावसाळ्याचे चार महिने, आठवड्यातून दोनदा. बाकी सगळं डांबर आणि मुरूम. बटन टायर तिथंच बाद झाला. बारा महिने डिझेल जाळून आठवड्यातले दोन किलोमीटर सोपे करण्यात राम नाही. मग आमच्या जुन्या ट्रकवाल्यांची रीत आठवली. ते पुढं उभ्या रेघांचा रिब टायर घालतात, सुकाणूला हलका. आणि मागं आडव्या गोट्यांचा लग. पुतण्यानं मागं दोन ऑल टेरेन टाकले, पूर्ण भाराच्या आकड्याचे, पुढं रस्त्याचे. अट एकच, एका आसावरचे दोन्ही टायर सारखे. हवा भरल्या मालाच्या हिशेबानं ठेवतो. रिकामी नेताना डिक्कीत अद्रकीची बियाण्याची चार पोती टाकून नेतो, मागच्या चाकांना वजन म्हणून. ही युक्ती त्याची स्वतःची.

भादव्यात सलग पाच दिवस झड लागली तेव्हा गाडी रेगडीच्या तोंडाशीच थांबली. अद्रक ट्रॅक्टरनं तिथवर आणली आणि तिथून पिकअपमध्ये भरली. ट्रॅक्टरवाल्यानं खेपेमागं पैसे घेतले. भाव दोन दिवसांत उतरला, पण माल गेला. हप्ता भरता आला.

पाणंदीचं काम मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेत बसणारं, २०२१ साली ती सुरू झाली. मुरूम पडला तर रस्त्याचे साधे टायरही पुरतील. पण त्यासाठी दोन्ही बाजूच्या बांधवाल्यांनी हात-दोन हात जमीन सोडायला हवी. तिघांनी सह्या केल्यात. चौथा म्हणतो, मोजणी करा, मग बघू. मोजणीचे पैसे भरलेत.