शटल

विणकामातील इंग्रजी शब्द; मराठीत याला धोटा म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘श्युटेल’ असे होते आणि अर्थ होता फेकून मारायचा बाण किंवा भाला. ‘शूट’ हे क्रियापद त्याच मुळातले. चौदाव्या शतकापासून शटल हा शब्द मागावरच्या साधनाला लागू झाला, आणि ते साजेसेच होते. धोटा दोन्ही टोकांना निमुळता असतो, त्याच्या पोटात बाण्याच्या सुताची कांडी असते, आणि पावडी दाबून ताणा दुभंगला की तो त्या फटीतून बाणासारखा सुटतो. मग फणी धागा ठोकून बसवते.

खानदेशातल्या पारोळ्याच्या व्यापारात गुरे, कापूस आणि धान्याच्या जोडीने लुगडी असत, अशी नोंद इंग्रजी अमदानीच्या गॅझेटियरात आहे. लुगड्यामागे धोट्याची किती धावपळ असते, याचा हिशेब करून पाहावा. नऊ वार म्हणजे 324 इंच. इंचाला आडवे 40 धागे धरले, तरी एका लुगड्यासाठी धोटा 12,960 वेळा ताण्यातून जातो. विदर्भातल्या करवतकाठी साडीला तर तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. ‘हातमाग’ या शब्दातल्या हाताचे मोल या आकड्यातच कळते.

इंग्लंडच्या जॉन के याने 1733 मध्ये धावत्या धोट्याचे पेटंट घेतले. दोरी ओढताच धोटा आपोआप पलीकडे जाऊ लागला. रुंद कापडाला दोन विणकर लागत, तिथे एक पुरू लागला.

पुढे शब्दातली फेक मागे पडून ये-जा उरली. दोन ठिकाणांमध्ये सतत फेऱ्या मारणारी गाडी ती शटल. 1981 मध्ये प्रथम उडालेले अमेरिकेचे अवकाशयान जाऊन परत येणारे, म्हणून तेही शटल. शिलाई मशीनमध्ये खालचा धागा वरच्यात गुंतवणारा भागही शटलच. बॅडमिंटनचे शटलकॉक याच शब्दावरून आले. मराठी मुले त्याला फूल म्हणतात. रेपियर व एअरजेट मागांवर धोटा नसतोच. ते ‘शटललेस’ माग.

मराठीत गाडी आणि यान यांना शटल म्हणणे रास्त आहे. मागाविषयी लिहिताना मात्र धोटा हाच शब्द वापरावा.