टोक नसलेला चाकू

बीड जिल्ह्यात ‘कोयता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, ऊस तोडायचे अवजार. दुसरा, ते अवजार चालवणारे नवरा-बायकोचे जोडपे. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला. एकटाच माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. इथल्या शाळेत कोयता न पाहिलेले मूल सापडणे कठीण. म्हणूनच पुढचा प्रश्न आधी या मुलांना विचारावा असे आम्हाला वाटते.

उसाने भरलेली बैलगाडी कलली. एक बैल खाली पडला आणि जुवाला बांधलेली त्याच्या गळ्यातली दोरी आवळत चालली. हाताशी कोयता आहे. त्याने ती दोरी कापता येईल का?

कोयता घाव घालून तोडतो. हात मागे नेऊन वेगाने खाली आणला की जड पात्याला गतिज ऊर्जा मिळते आणि उभ्या, मोकळ्या उसात ती खर्च होते. गळ्याला रुतलेल्या दोरीवर असा घाव घालता येत नाही. हात मागे न्यायला जागा नसते आणि दोरीला लागूनच जिवंत कातडी असते. म्हणजे उत्तम धारेचे अवजार हाती असूनही ते इथे निरुपयोगी, किंबहुना घातक ठरते.

ही अडचण जगात अनेकांना आली. सुटकेसाठी वापरायचा मिटणारा चाकू तिच्यातूनच घडत गेला. त्याला तीन गोष्टी जमायला हव्या होत्या. बंधन कापले जावे, पण बांधलेला जीव कापला जाऊ नये. चाकू एका हाताने उघडावा. आणि जोर दिल्यावर पाते आपल्याच बोटांवर मिटू नये.

मिटणारा चाकू तसा फार जुना. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सुमारे २५०० वर्षांपूर्वीचा, हाडाच्या मुठीचा असा चाकू सापडला आहे. पण पहिल्या गोष्टीचे उत्तर मिळाले ते शिडांच्या जहाजांवर. डोलणाऱ्या जहाजावर दोर कापताना तोल गेला तर टोकदार चाकू स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या अंगात घुसे. म्हणून खलाशांच्या चाकूचे पाते मेंढीच्या खुरासारखे झाले. धार सरळ, पाठ पुढे वळून धारेला मिळालेली, टोक बोथट. दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) ब्रिटिश वैमानिकांच्या रबरी नावेतल्या चाकूचे टोकही मुद्दाम बोथट ठेवलेले होते. तो चाकू मिटणारा नव्हता, पण कारण तेच. दोरी कापताना नावेलाच भोक पडले तर जीव वाचवणारा चाकूच जीव घेणार!

दुसऱ्या गोष्टीचे उत्तर आकाशातून आले. हवाई छत्रीने उतरणारा सैनिक झाडाला अडकला, तर त्याचा एकच हात मोकळा असण्याची शक्यता असते. नखाने पाते ओढून उघडायला दोन हात लागतात. १९३७ च्या सुमारास जर्मन हवाई दलाने एक चाकू वापरात आणला. त्याची खिट्टी दाबून मूठ खाली केली की पाते स्वतःच्या वजनाने बाहेर घसरे. गुरुत्वाकर्षणाचा इतका सरळ उपयोग क्वचितच पाहायला मिळतो. पुढे अमेरिकी वैमानिकांना नारिंगी मुठीचा चाकू मिळाला. त्याच्या एका पात्याला आकडीसारखा आकार होता आणि धार आकडीच्या आतल्या बाजूला. दोरी आकडीत अडकवून ओढायची. धार बाहेर नसल्याने अंगाला लागत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेतील स्पायडर्को कंपनीने पात्यालाच गोल भोक ठेवले. त्यात अंगठा घालून, हातमोजा असला तरी, पाते उघडता येते. तिसरी गोष्ट खटक्याने साधली. उघडलेले पाते अडकून राहते आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही.

१९५९ मध्ये नील्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने मोटारीसाठी तीन ठिकाणी जोडलेला पट्टा तयार केला. त्याने असंख्य जीव वाचवले. पण अपघातानंतर तोच पट्टा अडकला तर माणसाला बाहेर काढणे अवघड होते. मग या चाकूंना दातेरी धार आली. हा पट्टा सुमारे ५ सेंटिमीटर रुंद असतो. सरळ धार टेकवली तर आपला जोर या सगळ्या रुंदीवर वाटला जातो. दात असले तर तो मोजक्या टोकांवरच पडतो. समजा ही टोके मिळून अर्धा सेंटिमीटर भरली, तर तेवढ्याच जोराने सुरुवातीचा दाब दहापट होईल. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र पाठ करून घेण्यापेक्षा या उदाहरणातून लवकर पटते.

हे सारे परदेशी वाटत असेल, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातली पट्टी कापायची कात्री पाहा. तिच्या खालच्या पात्याचे टोक चपटे आणि गोलसर असते. ते पट्टी आणि कातडी यांच्यामधून सरकते, पण टोचत नाही. खलाशांनी आणि वैमानिकांनी शोधलेले उत्तर इथे स्टीलच्या ट्रेमध्ये पडलेले असते.

वर्गात हे करून दाखवता येईल. एक फुगा फुगवा आणि त्याभोवती सुतळी घट्ट बांधा. शिक्षकांनी स्वतः आधी टोकदार कात्रीने आणि मग बोथट टोकाच्या कात्रीने सुतळी कापून पाहावी. फुगा कधी फुटतो, कधी वाचतो, याची नोंद मुलांनी ठेवावी. मग बैलाच्या दोरीचा प्रश्न पुन्हा विचारावा आणि प्रत्येकाला आपल्या मनातले अवजार कागदावर काढायला सांगावे.

दरवर्षी ही मुले ट्रक-ट्रॅक्टरमधून, उसाच्या गाड्यांवरून, दोरांनी बांधलेल्या संसारासोबत प्रवास करतात. प्रत्येक घरात कोयता असतो. बोथट टोकाचे, सोडवणारे पाते मात्र क्वचितच असते. ते का असावे आणि कसे असावे, हे निदान त्यांनी काढलेल्या चित्रांत तरी दिसले, तर हा पाठ सत्कारणी लागला असे म्हणता येईल.