पवनचक्की कुणाची?

डेन्मार्कचा विषय निघाला की एक आकडा हमखास ऐकायला मिळतो: तिथली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून तयार होते. आकडा खरा आहे. पण तो ऐकताना आपल्या डोळ्यांसमोर येतं ते एखादं दूरदर्शी सरकार, भरलेली तिजोरी आणि वरून खाली उतरलेलं धोरण. प्रत्यक्षात क्रम बराचसा उलटा होता. आधी सुतार, लोहार, शिक्षक आणि शेतकरी यांनी पवनचक्क्या उभ्या केल्या. सरकार, वीज कंपन्या आणि मोठं भांडवल मागून आलं. ते मागून आल्यावर काय बदललं, हा या इतिहासाचा आपल्याला जास्त उपयोगी पडणारा भाग आहे.

सुरुवात एका पराभवापासून करावी लागते. 1864 मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात डेन्मार्कने दक्षिणेकडचा मोठा प्रदेश गमावला. ऱ्योडिंग गावची लोकशाळा सरहद्दीपलीकडे गेली, म्हणून तिच्या शिक्षकांनी पुढच्या वर्षी थोडं उत्तरेला, आस्कोव्ह इथे नवी शाळा काढली. या लोकशाळा म्हणजे ग्रुंटविग या धर्मोपदेशक-कवीच्या विचारांतून निघालेली प्रौढ तरुणांची निवासी विद्यालयं. परीक्षा नाही, पदवी नाही. शेतकऱ्यांच्या मुलांनी यावं, राहावं, शिकावं आणि गावी परत जावं. याच ग्रामीण समाजाने 1882 मध्ये येडिंग गावात पहिली सहकारी डेअरी सुरू केली. गायी कितीही असोत, सभासदाला मत एकच, हा तिथल्या सहकाराचा दंडक.

आस्कोव्हच्या शाळेत 1878 पासून पॉल ला कूर नावाचे शिक्षक होते. शिक्षणाने हवामानशास्त्रज्ञ, वृत्तीने संशोधक. शहरांत वीज येऊ लागली होती आणि खेडी अंधारात राहणार हे त्यांना दिसत होतं. 1891 मध्ये सरकारी अनुदान मिळवून त्यांनी शाळेच्या आवारात वीज निर्माण करणारी प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा पडला की काय, हा आजचा प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी त्या विजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेतले दिवे पेटवले. स्फोट होऊन खिडक्यांची तावदानं फुटण्याचे प्रसंगही आले. ज्याला आज ‘हरित हायड्रोजन’ म्हणतात, तो एका खेड्यातल्या शाळेत एकोणिसाव्या शतकातच जळत होता. पुष्कळ पात्यांच्या संथ चक्कीपेक्षा थोड्या पात्यांची वेगवान चक्की जास्त वीज देते, हेही त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. पण त्यांचं सर्वांत टिकाऊ काम वेगळंच होतं: त्यांनी खेड्यांसाठी वीज-कारागीर घडवणारे अभ्यासक्रम चालवले.

त्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांत योहानेस यूल हा मुलगा होता. पुढे तो वीज कंपनीत अभियंता झाला आणि 1957 मध्ये देशाच्या दक्षिण टोकाला, गेडसर इथे, त्याची 200 किलोवॅटची पवनचक्की सुरू झाली. तीन पाती, साधं इंडक्शन जनरेटर, वेग हाताबाहेर जाऊ लागला तर पात्यांची टोकं वळून आपोआप लागणारा ब्रेक. ती दहा वर्षं फारशा देखभालीशिवाय चालली. 1967 मध्ये ती थांबवली गेली, कारण मध्यपूर्वेचं तेल इतकं स्वस्त होतं, की वाऱ्याचा हिशेब कुणाला जुळवायचाच नव्हता.

सहा वर्षांनी तो हिशेब कोसळला. 1973 च्या तेलसंकटाच्या वेळी डेन्मार्कच्या एकूण ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा आयात तेलातून येत होती. रविवारी मोटारी चालवायला बंदी झाली. रिकाम्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन उतरले. सरकार आणि वीज कंपन्यांनी अणुवीज हे उत्तर ठरवलं. त्याविरोधात 1974 मध्ये अणुऊर्जेविषयी माहिती देणारी ‘ओओए’ ही संघटना उभी राहिली. हसऱ्या सूर्याचा ‘अणुऊर्जा? नको, धन्यवाद’ हा जगभर पोहोचलेला बिल्ला 1975 मध्ये याच चळवळीतून निघाला. पण ‘नको’ म्हणणाऱ्याला ‘मग काय?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. डॅनिश चळवळीचं वेगळेपण असं, की तिच्या आसपासच्या लोकांनी ते उत्तर हातांनी बनवायला घेतलं.

जटलंडमधल्या रीसागर नावाच्या सुताराने लाकडी पाती आणि बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून, गेडसरच्या धर्तीवर छोटी पवनचक्की बनवली आणि ती ग्रिडला जोडली. पुढे त्याच्या 22 किलोवॅटच्या चक्क्या विकल्या जाऊ लागल्या. पश्चिम किनाऱ्याजवळ टविंडच्या शाळांमधल्या शिक्षकांनी आपले पगार एकत्र करून, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांच्या श्रमातून, दोन मेगावॅट क्षमतेची चक्की 1978 मध्ये सुरू केली. त्या वेळी ती जगातली सर्वांत मोठी होती. टविंडच्या म्होरक्यांना पुढे आर्थिक गैरव्यवहारासाठी शिक्षा झाल्या, हेही नोंदवायला हवं. चक्की मात्र दशकानुदशकं फिरत राहिली. आणखी एका गावात यॉर्गेनसेन हा लोहार आणि हेन्रिक स्टिस्डाल हा जेमतेम विशीतला मुलगा यांनी तीन पात्यांची चक्की तयार केली. 1979 मध्ये तिचा परवाना घेतला तो क्रेन आणि शेतीच्या गाड्या बनवणाऱ्या एका कारखान्याने. त्याचं नाव वेस्टास. त्याच्यासारख्याच इतर कंपन्याही सिंचनाची अवजारं किंवा तेलाच्या टाक्या बनवणाऱ्या होत्या.

जर्मनी आणि अमेरिका याच वेळी वेगळ्या वाटेने जात होत्या. विमानबांधणीतलं ज्ञान, सरकारी पैसा आणि पहिल्याच झेपेत महाकाय यंत्र. जर्मनीची ‘ग्रोव्हियान’ तीन मेगावॅटची होती, पात्यांच्या चक्राचा व्यास 100 मीटर. 1983 मध्ये उभी राहिलेली ही चक्की एकूण चारशेवीसेक तासच चालली आणि 1988 मध्ये उतरवली गेली. डॅनिश लोहार 22 वरून 30, 30 वरून 55 किलोवॅटवर गेले. मोडलं तर का मोडलं हे पुढच्या महिन्यात सगळ्यांना कळायचं, कारण 1978 मध्ये स्थापन झालेली पवनचक्की-मालकांची संघटना कुठल्या बनावटीच्या चक्कीने किती वीज दिली आणि काय बिघडलं याचे आकडे नियमित छापत असे. त्याच वर्षी रिसो इथे चाचणी केंद्र सुरू झालं. ही मुळात अणुसंशोधनासाठी उभारलेली प्रयोगशाळा. 1979 पासून सरकारने चक्कीच्या किमतीच्या 30 टक्के अनुदान देऊ केलं, पण रिसोची मान्यता मिळालेल्या यंत्रालाच. सरकारची खरी हुशारी इथे दिसते. त्याने स्वतः काही शोधलं नाही. जे लोक करत होते ते सुरक्षित आणि विश्वासार्ह होईल एवढं पाहिलं. 1985 मध्ये संसदेने अणुऊर्जा राष्ट्रीय नियोजनातून वगळली.

एक चक्की एका कुटुंबाला परवडत नव्हती, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून ती घ्यायची पद्धत पडली. अशा गटाला ‘लाउग’ म्हणत. जुन्या कारागीर-संघांचाच हा शब्द. नियमानुसार भागधारक परिसरात राहणारा असावा लागे आणि भागांवर मर्यादा होती. शतक संपताना लाखभर डॅनिश कुटुंबांचा पवनचक्क्यांत वाटा होता. कोपनहेगनच्या बंदरासमोर 2000 मध्ये मिडलग्रुंडेनच्या वीस चक्क्या उभ्या राहिल्या, त्यातल्या निम्म्या साडेआठ हजारांहून अधिक नागरिकांच्या सहकारी संस्थेच्या होत्या. घराच्या खिडकीतून दिसणारी चक्की नजरेला खुपायची की सुखवायची, हे पुष्कळदा तिच्यात आपला भाग आहे की नाही यावर ठरतं.

हे चित्र फार गुलाबी करू नये. तेलापासून सुटका झाली ती आधी कोळशाने; ऐंशीच्या दशकात डेन्मार्कची बहुतेक वीज आयात कोळशावर निघत होती. वारा पडला की नॉर्वे आणि स्वीडनची जलविद्युत मदतीला येते. ती नसती तर आजचा आकडा इतका मोठा झाला नसता. परदेशी बाजारही बेभरवशाचा होता: कॅलिफोर्नियातली करसवलत 1985 अखेर संपली आणि पुढच्या वर्षी वेस्टास दिवाळखोरीत गेली. नव्या रूपात ती पुन्हा उभी राहिली.

खरा बदल 2001 च्या सत्तांतरानंतर आला. नव्या सरकारने बाजारावर भर दिला, हमीदरांचा आधार काढला आणि जमिनीवरच्या चक्क्यांची वाढ जवळपास थांबली. 2002 मध्ये हॉर्न्स रेव्हपासून वाऱ्याने समुद्रात मोठी झेप घेतली, पण ती वीज कंपन्यांची होती. चक्क्या उंच झाल्या, महाग झाल्या, मालक दूर गेले. गावागावांतून विरोध वाढला. 2008 च्या अखेरीस कायदाच करावा लागला, की नव्या प्रकल्पातले किमान 20 टक्के भाग आसपासच्या रहिवाशांना देऊ करावेत. जे आधी आपसूक घडत होतं ते आता कलम बनलं. आज सौर प्रकल्पांबाबत तोच प्रश्न पुढे आलाय. शेकडो एकरांवर पसरलेल्या पॅनेलना विरोधक ‘येर्नमार्कर’, म्हणजे ‘लोखंडाची शेतं’, म्हणतात. ज्या देशाने हसऱ्या सूर्याचा बिल्ला जगाला दिला, तिथल्या खेड्यांना सूर्याची वीज परकी वाटू लागली आहे.

या गोष्टीचा आपल्याशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी डॅनिश मदतीने आणि डॅनिश यंत्रांनी गुजरात आणि तमिळनाडूत पवनऊर्जेचे प्रकल्प झाले. नंतर साताऱ्याच्या वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवरही चक्क्या फिरू लागल्या. मात्र भारतात यंत्र आलं, लाउग आला नाही. नव्वदीत इथली बरीचशी गुंतवणूक आली ती पहिल्याच वर्षी यंत्राच्या पूर्ण किमतीचा घसारा दाखवून कर वाचवण्यासाठी. चक्की किती वीज देते यापेक्षा ती कुणाच्या ताळेबंदात दिसते याला महत्त्व होतं. पठारावरची गावं त्यात भागधारक नव्हती.

आश्चर्य वाटतं ते यासाठी, की महाराष्ट्राला हे शिकवायला डेन्मार्कची गरज नव्हती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने 1950 च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा एकट्या शेतकऱ्याला न परवडणारं यंत्र हजारोंनी मिळून घेतलं होतं. त्या सहकाराचं पुढे काय झालं हे आपण जाणतो. पण कल्पना परकी नव्हती. आज मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत प्रकल्पाला जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं मिळतं. कोरडवाहू जमिनीच्या मालकाला हे पैसे मोलाचे आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण भाडं घेणारा आणि भाग घेणारा यांत फरक आहे. भाडं घेणाऱ्याचा संबंध जमिनीशी उरतो. भाग घेणाऱ्याला वीज किती झाली, यंत्र का बंद पडलं, नफा कुठे गेला हे विचारायचा हक्क असतो. शेतमजुराला, ज्याच्याकडे भाड्याने द्यायला जमीनच नाही, पहिल्या व्यवस्थेत जागा नाही. दुसरीत एका भागापुरती तरी असू शकते.

पॅनेल स्वस्त झाली आहेत, जमीन शोधली जाते आहे, करार पंचवीस पंचवीस वर्षांचे होत आहेत. म्हणजे मालकीचा हा प्रश्न आत्ता विचारला नाही, तर तो पुन्हा विचारायची संधी पुढच्या पिढीलाच मिळेल.