टेल्कोची रजा, सायकलची ट्यूब आणि परिसर अभ्यास

शनिवारी लोणावळ्याला निघालेली निम्मी आयटी जनता उर्से टोलनाक्यावर भेटते. आपलं मावळाशी नातं तेवढंच! नाक्याच्या आजूबाजूला मात्र गाव आहे, शेतं आहेत, शाळेत जाणारी पोरं आहेत. त्यांना 'परिसर अभ्यास' हा विषय असतो. परिसर दाराशी आणि अभ्यास पुस्तकात. खरं तर हे बदलायचे प्रयत्न बरेच जुने आहेत.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी 'नई तालीम'ची कल्पना मांडली. हाताने काम करता करता शिकायचं, हा तिचा गाभा.

पुढचा मोठा प्रयोग १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांमध्ये सुरू झाला. त्यामागे होते मुंबईच्या टीआयएफआरमधून आलेले अनिल सद्गोपाल. पोरांनी धडे पाठ करायचे नाहीत. माती तपासायची, पानं जमवून त्यांचे गट पाडायचे, शेतात फिरायचं आणि दिसेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. परीक्षेला वही-पुस्तक उघडायची परवानगी! शंका आली तर 'सवालीराम' नावाच्या काल्पनिक पात्राला पत्र लिहायचं, उत्तर यायचं.

१९७८ साली पुण्याच्या टेल्कोतला एक इंजिनियर वर्षभराची रजा टाकून तिथे पोचला. नाव अरविंद गुप्ता. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून त्यांनी तिथे जी खेळणी केली, ती पुढे जगभर गेली. २०१४पर्यंत ते पुण्यात आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात हेच करत होते.

होशंगाबादचा कार्यक्रम सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला आणि २००२ साली सरकारने तो बंद केला. शाळा परत नेहमीच्या पुस्तकांकडे. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २००३ साली, एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला पुन्हा बजावलं. विषय आला, पण मार्कांसकट. प्रोजेक्टसाठी चित्रं कापून चिकटवायची, की झालं!

आता उर्स्याचंच घ्या. एक पान एक्स्प्रेसवेलगतच्या झाडाचं, एक गावाच्या आतल्या झाडाचं. दोन्हींवर चिकटपट्टी दाबायची, उचलून पांढऱ्या कागदावर लावायची आणि धूळ बघायची. खर्च चिकटपट्टीचा, बस्स. पण परीक्षेत 'हवा प्रदूषणाची तीन कारणे लिहा' एवढंच येणार असेल, तर ती पट्टी कोण लावेल? होशंगाबादवाल्यांनी प्रयोगांबरोबर परीक्षाही बदलली होती. आपण नेमकं तेच सोडून दिलं.